सायलेन्सर : आधी बसवावा, मग आवळावा

मोटारसायकलला मराठी माणसाने 'फटफटी' हे नाव दिले ते तिचे रूप पाहून नव्हे, तिचा आवाज ऐकून. भाषेच्या विद्यार्थ्याला हा ध्वनीवरून बनलेला शब्द म्हणून परिचयाचा असतो. यंत्राच्या दृष्टीनेही तो नेमका आहे. एका सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा जळका वायू बाहेर फेकते. गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ५००, म्हणजे सेकंदाला सुमारे आठ धक्के नळीतून बाहेर पडतात. एवढे धक्के कानाला सुटे सुटे ऐकू येतात. तीच आपली 'फट फट'. गाडी पळू लागून फेरे ३००० वर गेले की सेकंदाला २५ धक्के होतात, ते एकमेकांत मिसळतात आणि फटफटीची घरघर होते.

हे धक्के ज्या वाटेने बाहेर पडतात त्या वाटेविषयी प्रस्तुत लेखात थोडे लिहावयाचे आहे. कला शाखेच्या वार्षिकात असा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर महाविद्यालयाच्या सायकल-स्टँडवर आहे. त्याचे नाव अजून सायकल-स्टँडच असले तरी तिथे सायकली थोड्या आणि मोटारसायकली फार. ह्या गाड्यांवर मालक जो पहिला बदल करतो तो बहुधा सायलेन्सरचा. कधी जुना गंजून भोक पडले म्हणून, कधी पडझडीत चेपला म्हणून, आणि पुष्कळदा नुसत्या हौसेपायी. बाहेरून विकत आणलेला सायलेन्सर म्हणजे दोन नट आणि एक बोल्ट एवढेच काम आहे अशी समजूत असते. प्रत्यक्षात त्या दोन नटांच्या आवळण्यात जो क्रम आहे तो चुकला तर काही महिन्यांत नळी तडकते, हेडमधला स्टड तुटतो, आणि हजार-दोन हजारांची वस्तू बसवताना हेड उतरवण्याचा खर्च अंगावर येतो. तो क्रम आणि त्यामागील कारण समजावून देणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

नळी ही इंजिनाचाच भाग

बोलीत आपण सगळ्यालाच 'सायलेन्सर' म्हणतो. पण त्याचे दोन भाग आहेत. हेडच्या तोंडापासून वाकत खाली येणारी ती 'बेंड पाइप', आणि तिला मागे जोडलेले जाड नळकांडे तो खरा सायलेन्सर. त्याच्या पोटात आडवे पडदे, भोके पाडलेल्या नळ्या, काही प्रकारांत काचेच्या लोकरीसारखा चोथा असतो. वायूला त्यातून वळणे घेत जावे लागते, त्याचा वेग आणि धक्का मोडतो आणि आवाज मवाळ होतो. पोटातल्या ह्या रचनेला गॅरेजात 'पुंगळी' म्हणतात. 'पुंगळी काढलेली गाडी' म्हणजे काय ते गल्लीतल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही.

पण नळीचे काम आवाज मारण्यापुरते नाही. धक्क्याबरोबर नळीतून दाबाची एक लाट धावते. साध्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. ५०० अंश सेल्सिअस तापलेल्या वायूत तो सुमारे ५५० मीटर होतो. ही लाट नळीच्या रुंदीत बदल झाला की तिथून परत फिरते. ती इंजिनाकडे कोणत्या क्षणी पोहोचते ह्यावर सिलिंडर नीट रिकामा होणे न होणे अवलंबून असते. दोन-स्ट्रोक इंजिनात हा परिणाम सर्वांत ठळक दिसतो. पूर्व जर्मनीतील एम.झेड. कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन ह्यांनी १९५०च्या दशकात मधे फुगीर व शेवटी निमुळत्या नळीचा असा अभ्यास केला, की बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण परतणारी लाट पुन्हा सिलिंडरात ढकलील. १९६१ साली त्यांच्या संघाचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि सुझुकी कंपनीकडे गेला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्याने सुझुकीच्या गाडीवर ५० सी.सी. गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. त्याने बरोबर नेलेल्या विद्येत नळीच्या आकाराची विद्या महत्त्वाची होती. नळीचे मोल एवढे असते.

तात्पर्य, नळीची लांबी, रुंदी आणि पोटातली रचना इंजिनाशी जुळवून ठरवलेली असते. पुंगळी काढली की गाडी जास्त पळते, हा समज म्हणूनच सरसकट खरा नाही. कित्येकदा आवाज वाढतो आणि खालच्या फेऱ्यांतील ओढ उलट कमी होते.

विकत घेण्यापूर्वी

बसवण्याच्या कृतीकडे वळण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहणे आवश्यक आहे; कारण चुकीची वस्तू कितीही सुबक बसवली तरी ती चुकीचीच राहते.

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या दुचाकीसाठी २००३ सालापासून आवाजाची मर्यादा अशी आहे : ८० सी.सी.पर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सी.सी.पर्यंत ७७ डेसिबल आणि त्यावर ८० डेसिबल. डेसिबलचे मोजमाप सरळ बेरजेचे नाही. दहा डेसिबल वाढणे म्हणजे ध्वनीची शक्ती दसपट होणे. त्यामुळे ८० च्या जागी ९० म्हणजे 'थोडासा जास्त' हा हिशेब फसवा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, आणि रुग्णालय, शिक्षणसंस्था व न्यायालय ह्यांच्या भोवतालच्या १०० मीटरांच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. आपले महाविद्यालयही त्या संरक्षणाला पात्र आहे, हे फाटकातून गाडी आत घेताना आठवावे.

मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ चे सार असे की, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने वाहनात करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हाच अर्थ उचलून धरला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंडही वाढले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि आवाज व हवेच्या प्रदूषणाची मानके मोडून गाडी चालवल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना गमावणे, अशी तरतूद आहे. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या कर्कश सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवला, ती छायाचित्रे वर्तमानपत्रांत आपण पाहिलेली आहेत.

दुसरी गोष्ट प्रदूषणाची. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे मानक लागू झाले. ह्या गाड्यांच्या धुराच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा पातळ थर दिलेली ती जाळी विषारी वायूंचे रूपांतर कमी अपायकारक वायूंत करते. काही गाड्यांत तो बेंड पाइपमध्ये असतो, काहींत सायलेन्सरच्या पोटात. ज्या गाडीत तो पोटात आहे तिथे साधा सायलेन्सर लावणे म्हणजे तो काढून टाकणेच होय.

तेव्हा बाजारात 'पंजाब', 'इंदौरी', 'डॉल्फिन', 'मेगाफोन' अशा नावांनी काय काय मिळते ह्याकडे न पाहता तीन प्रश्न विचारावेत : हा आपल्याच मॉडेलसाठी केलेला आहे काय? ह्याच्यात पूर्ण पुंगळी आहे काय? मूळच्यात कन्व्हर्टर असेल तर ह्याच्यात आहे काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तरच पैसे मोजावेत. पुढील विवेचन अशाच सायलेन्सराविषयी आहे.

जुना उतरवताना

गाड्यांप्रमाणे जोडणी बदलते. १९५५ पासून मद्रासजवळ तयार होऊ लागलेल्या जुन्या बुलेटमध्ये बेंड पाइप हेडच्या तोंडात नुसती दाबून बसवलेली असते. म्हैसूरच्या येझ्दीत नळी मोठ्या आट्यांच्या नटाने सिलिंडरला धरलेली असे आणि तो नट हुकाच्या पान्याने आवळावा लागे. २००९ साली आलेल्या क्लासिकमध्ये, आणि आजच्या बहुतेक गाड्यांत, हेडमध्ये रोवलेल्या दोन स्टडांवर नळीची पट्टी, म्हणजे फ्लँज, दोन नटांनी दाबलेली असते. फ्लँज आणि हेड ह्यांच्या मधे एक मऊ धातूची कडी असते, तिला 'पॅकिंग' म्हणतात. हीच शेवटची रचना आपण उदाहरण म्हणून घेऊ.

गाडी पूर्ण थंड असावी आणि सपाट जमिनीवर मधल्या स्टँडवर उभी असावी. पुढचे दोन नट उष्णतेने व गंजाने धरलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. नट हलत नसेल तर हिसका देऊ नये. थोडा आवळून, थोडा सोडून, पुन्हा तेल देऊन तो सोडवावा. स्टड पोलादाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. हिसक्याने एक तर स्टड मधेच मोडतो किंवा हेडचे आटे घेऊन बाहेर येतो. दोन्ही गोष्टी नव्या सायलेन्सरच्या किमतीपेक्षा महाग पडतात.

ऑक्सिजन सेन्सर असल्यास त्याची तार आधी सोडवावी. मग मधला क्लॅम्प सैल करावा, नंतर पुढचे नट काढावेत, आणि मागचा बोल्ट सर्वांत शेवटी. ह्या क्रमाला कारण आहे. समजा, सायलेन्सर पाच किलोचा आहे आणि त्याचा भार फ्लँजपासून ६० सेंटिमीटरवर पडतो. मागचा बोल्ट आधी काढला तर तो सगळा भार पुढच्या जोडणीवर लोंबकळतो. दोन स्टडांमधले अंतर सहा सेंटिमीटर धरले, तर तरफेच्या नियमाने तिथे दसपट, म्हणजे सुमारे ५० किलोचा ताण येतो. म्हणून उतरवताना आणि बसवतानाही नळकांड्याखाली लाकडाचा ठोकळा किंवा सोबत्याचा हात असावा.

नळी निघाल्यावर हेडच्या तोंडात जुने पॅकिंग चिकटून राहिले आहे काय ते विजेरीने पाहावे. ते काळे पडून हेडचाच भाग वाटते, आणि मग त्यावर नवे चढवले जाते. दोन पॅकिंगे एकावर एक बसली की फ्लँज सरळ बसत नाही. जुन्या गाड्यांतली काही पॅकिंगे तांबे आणि ॲस्बेस्टॉसची असत. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक असते, म्हणून ती कोरडी खरवडू किंवा फुंकू नये; ओली करून काढावी. नवे पॅकिंग दर वेळी नवेच घ्यावे. ते एकदा दबले की त्याचा मऊपणा संपतो.

एका मिलिमीटरचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. जुना आणि नवा सायलेन्सर जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून पाहिले की फरक सहसा डोळ्यांना दिसत नाही. बाहेर बनवलेल्या वस्तूचा बाक एखाद्या अंशाने, मागच्या पट्टीचे भोक दोन-चार मिलिमीटरने इकडेतिकडे असतेच. बसवणाऱ्याने काय करावे हा प्रश्न इथे उभा राहतो.

घाईचा कारागीर पुढचे दोन नट आधी गच्च आवळतो. मागे गेल्यावर भोक जुळत नाही. मग तो गुडघा लावून सायलेन्सर वर उचलतो, भोकात पेचकस घालून ओढतो आणि बोल्ट ठोकून पिळतो. दिसायला काम झाले. पण हिशेब पाहा. फ्लँजची रुंदी ६० मिलिमीटर आहे आणि एक नट दुसऱ्यापेक्षा एक मिलिमीटर जास्त आवळला गेला. साठात एक, म्हणजे सुमारे एक अंशाचा कल झाला. पुढे जो एक मिलिमीटर, तो एक मीटर मागे गेल्यावर जवळजवळ १७ मिलिमीटर होतो, चांगला बोटभर. म्हणजे मागचे भोक चुकले ह्याचे मूळ पुष्कळदा मागे नसून पुढे असते. उलटही तितकेच खरे : मागे बोटभर ओढून बोल्ट घातला, तर पुढे पॅकिंगची एक बाजू मिलिमीटरभर उघडण्याची ओढ आपण कायमची लावून ठेवली.

ह्या ओढीवर उष्णतेची भर पडते. साधे पोलाद एका अंशाला एका मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग बारा वेळा, वाढते. गंज न चढणारे ३०४ जातीचे पोलाद सुमारे १७ मायक्रॉन. मीटरभर नळीचे तापमान सरासरी ३०० अंशांनी वाढले, तर साधी नळी साडेतीन मिलिमीटरांहून अधिक आणि स्टेनलेसची पाच मिलिमीटर लांब होते. थंड झाली की तितकीच आखडते. आपण दिवसातून चार वेळा गाडी काढली तर चार वेळा हे होते. मोकळेपणाने बसलेली नळी ही वाढ रबरी आधारावर सामावून घेते. ताणून बसवलेल्या नळीला सरकायला जागा नसते. ती आपली सगळी ताकद सर्वांत दुबळ्या ठिकाणी काढते. ते ठिकाण म्हणजे फ्लँजजवळची वेल्डिंग, मागच्या पट्टीची वेल्डिंग, किंवा हेडमधला स्टड. त्यात इंजिनाचे हादरे सेकंदाला पंचवीस ह्या हिशेबाने मिळतात. अशी नळी तडकते त्यात नवल नाही. काही महिने टिकते हेच नवल.

म्हणून सगळ्या कृतीचा एकच नियम : प्रत्येक जोड आधी बोटांनी जुळला पाहिजे, आणि सगळे जोड जुळल्यावरच पाना लावला पाहिजे.

बसवण्याचा क्रम

प्रथम स्टडांचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. नवे पॅकिंग हेडच्या तोंडात ठेवावे. ते खाली पडत असेल तर साध्या ग्रीसचे दोन ठिपके त्याला धरून ठेवतात. बेंड पाइप आणि सायलेन्सर वेगवेगळे असतील तर नळी गळ्यात किती आत जाते त्याची खूण खडूने आधीच करून ठेवावी. सायलेन्सरच्या गळ्याला उभ्या चिरा असतात. नळीचे टोक त्या चिरांच्या पलीकडे गेले पाहिजे, नाही तर क्लॅम्प कितीही आवळला तरी चिरांतून धूर येतच राहतो.

मग फ्लँज स्टडांवर चढवून दोन्ही नट बोटांनी लावावेत. क्लॅम्प सैल ठेवावा. मागच्या आधाराचे रबर व त्यातली धातूची नळी जागेवर असल्याची खात्री करून मागचा बोल्ट बोटांनी घालावा. ह्या क्षणी संपूर्ण सायलेन्सर हाताने किंचित हलला पाहिजे. इथेच थांबून पाहणी करावी.

मागून चार पावले दूर उभे राहून पाहिले की सायलेन्सरचा कल कळतो. डोळ्यावर भिस्त नसेल तर गवंड्याचा ओळंबा घ्यावा. मडगार्डच्या मध्यावरून तो सोडला की चाकाची उभी रेघ मिळते. त्या रेघेपासून सायलेन्सरची आतली कड पुढे व मागे किती अंतरावर आहे ते पट्टीने मोजता येते. बाजूने पाहताना जुन्या सायलेन्सरची उंची आधीच मोजून ठेवलेली असेल तर ताडा घेणे सोपे जाते. चुकत असल्यास बेंड पाइप तोंडात थोडी फिरवावी, नळकांडे गळ्याशी थोडे फिरवावे. दोन्ही ठिकाणी सांधा सैल असल्याने पुष्कळसे अंतर इथेच भरून निघते.

एवढे करूनही मागचे भोक चुकत असेल तर तीन उपाय आहेत. सायलेन्सर आत जात असेल तर पट्टी आणि आधार ह्यांमध्ये योग्य जाडीचा वायसर घालावा. भोक थोडे मागेपुढे असेल तर सायलेन्सरच्या पट्टीचे भोक कानसीने लांबट करावे. गाडीच्या सांगाड्याला मात्र कानस लावू नये. दोन्हींनी भागत नसेल तर तो सायलेन्सर आपल्या गाडीचा नाही असे समजून दुकानदाराला परत करावा. ओढून बसवणे हा चौथा उपाय नाही.

सर्व जुळल्यावर पाना हाती घ्यावा. पुढचे दोन नट एकाआड एक, दर खेपेला अर्धा फेरा, असे आवळत जावेत आणि फ्लँज व हेड ह्यांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे ना ते पाहत राहावे. गाडीच्या पुस्तिकेत ह्या नटांसाठी ताकदीचा आकडा दिलेला असतो. टॉर्कचा पाना मिळाल्यास त्या आकड्यावर थांबावे. पुढचे नट आवळून झाले की मागे जाऊन बोल्ट पुन्हा बोटांनी फिरवून पाहावा. तो अजूनही सहज फिरत असेल तर पुढचे काम सरळ झाले. अडत असेल तर पुढचे नट सैल करून पुन्हा आरंभ करावा. ह्या परीक्षेला अर्धे मिनिट लागते. त्यानंतर मधला क्लॅम्प आणि सर्वांत शेवटी मागचा बोल्ट आवळावा. रबराच्या आतली धातूची नळी हरवली असेल तर बोल्टाने रबर चिरडते आणि धातूवर धातू येतो. मग रबर असून नसल्यासारखे.

मोकळी जागा

सायलेन्सर उभ्या गाडीवर बरोबर दिसला म्हणजे पळत्या गाडीवर बरोबर असतोच असे नाही. दोन माणसांनी गाडीवर बसून ती दाबावी आणि तिसऱ्याने पाहावे : टायर, मागच्या चाकाचा स्विंग आर्म, शॉक ॲब्सॉर्बर ह्यांपैकी काही टेकते काय? ब्रेकचे पॅडल पूर्ण दाबून पाहावे; पॅडल सायलेन्सरला अडले तर ब्रेक लागणार नाही, आणि तिथे प्रश्न जिवाचा होतो. मधला स्टँड वर-खाली करून पाहावा. मागच्या चाकाचा आस सायलेन्सर न काढता बाहेर येतो काय हेही पाहून ठेवावे, नाही तर घाटात पंक्चर झाल्यावर सायलेन्सरही उतरवावा लागेल.

मागे बसणाऱ्याचा विचार वेगळा करावा. आपल्याकडे साडी नेसलेल्या स्त्रिया मागे एका अंगाने, पाय डावीकडे सोडून बसतात. बुलेटसारख्या उजवीकडच्या सायलेन्सरचा त्यांना त्रास होत नाही. पण दोन्ही बाजूंना नळी असलेल्या किंवा उंच वळवलेल्या रचनेत पदर, ओढणी आणि पोटऱ्या ह्यांचा तापल्या धातूशी संबंध येतो. त्या ठिकाणी मूळ गाडीवरचे पत्र्याचे कवच असेल तर ते नव्या सायलेन्सरवरही लावलेच पाहिजे.

सुरू केल्यावर

सुरू करण्यापूर्वी नळीवरचे बोटांचे ठसे स्पिरिटच्या फडक्याने पुसावेत. हाताचे तेल उष्णतेने जळून क्रोमवर व स्टेनलेसवर कायमचे डाग पाडते. गाडी उघड्यावर आणावी. बंद खोलीत वा गॅरेजचे दार लावून इंजिन चालवणे म्हणजे जिवाशी खेळ. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो.

इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात, नळी तापण्यापूर्वी, सांध्यांच्या जवळ हाताचा तळवा चार बोटे दूर धरून फिरवावा. धूर गळत असेल तर धक्के हाताला लागतात. हेडजवळ 'टिक टिक' असा कोरडा आवाज येणे, गाडी उतारावर सोडली असता नळीत फटाके फुटणे, काही दिवसांनी सांध्याभोवती काजळी दिसणे, ही गळतीची इतर चिन्हे होत. गळती म्हणजे धूर बाहेर येणे एवढेच नव्हे. प्रत्येक धक्क्यामागून क्षणभर दाब उतरतो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. नव्या गाड्यांतला ऑक्सिजन सेन्सर ती हवा मोजतो, पेट्रोल कमी पडते आहे असा त्याचा समज होतो, आणि गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागते. मालक मग पंपवाल्याला दोष देतो.

पहिल्या फेरीनंतर गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि सर्व नट त्याच क्रमाने, पुढून मागे, पुन्हा तपासावेत. पॅकिंग एकदा तापून दबले की नट थोडे सैल होतात. तो कामातला दोष नसून पॅकिंगचा स्वभाव आहे. शंभरेक किलोमीटरनंतर आणखी एकदा पाहिले की काम पुरे झाले.

समारोप

वरील विवेचनात अवजारे मोजकीच आली आहेत : दोन पाने, कानस, ओळंबा, पट्टी आणि खडू. महाग पडते ती घाई. गॅरेजात काम करणारी पुष्कळ मुले हे सगळे हाताने जाणतात. त्यांना कारण कोणी सांगितलेले नसते आणि गिऱ्हाईक दारात घड्याळ पाहत उभे असते. गिऱ्हाईकानेच थोडा दम धरला तर कारागिरालाही नीट काम करण्याची मोकळीक मिळते.

म्हणून वाचकांपैकी जे स्वतः पाना धरणार नाहीत त्यांनीही एवढे करावे. नवा सायलेन्सर बसत असताना शेजारी उभे राहावे, आणि पुढचे नट आवळून झाले की कारागिराला एकच प्रश्न विचारावा : "मागचा बोल्ट बोटांनी फिरतो आहे ना?" उत्तर 'हो' असेल तर निर्धास्त घरी जावे. उत्तर 'ओढून घेतो' असे आले, तर त्याला थांबवावे आणि पुढचे नट पुन्हा सैल करायला सांगावे.